ब्लास्टवरचा रिसेप्टर हरवतो कुठे? बोन मॅरो काढण्यापासून फ्लोच्या रिपोर्टपर्यंत

'सीडी११७ निगेटिव्ह', 'सीडी१३५ निगेटिव्ह', 'सीडी१२३ नीट सांगता येत नाही' असे शेरे मारलेले फ्लो सायटोमेट्रीचे (पेशींना रंगीत अँटिबॉडी लावून त्या एकेक करून मशीनवर मोजायच्या तपासणीचे) प्लॉट माझ्याकडे दुसऱ्यांदा बघायला येतात. 'सीडी' आणि आकडा म्हणजे पेशीवरच्या एखाद्या प्रथिनाचं नाव. बऱ्याचदा तो रिसेप्टर (बाहेरचा संदेश पकडणारं प्रथिन) ब्लास्टवर, म्हणजे ल्युकेमियाच्या अपरिपक्व पेशीवर, होता आणि आपणच तो वाटेत घालवलेला असतो. कुणी ट्यूब बर्फाला टेकवून पाठवलेली असते, कुणी एका टेस्टपुरती अँटिबॉडी बारापट पेशींवर टाकलेली असते, कुणी गेट (प्लॉटवर हव्या त्या पेशींभोवती काढायची चौकट) भलत्याच जागी काढलेलं असतं. मशीन बिचारं समोर येईल तेच दाखवतं.

हा लेख नाशिक आणि आसपासच्या लॅबमधल्या टेक्निशियन मंडळींसाठी, मॅरो काढणाऱ्या डॉक्टरांसाठी आणि ल्युकेमियावर प्रबंध करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. टप्पे दिलेत त्याच क्रमाने करा. एक टप्पा पुढेमागे झाला की काय बिघडतं, तेही त्या त्या ठिकाणी सांगते.

पूर्वतयारी: काय शोधताय ते आधी लिहून काढा

ग्रोथ फॅक्टरचे रिसेप्टर पेशीवर फार थोडे असतात, एका पेशीमागे काहीशे ते काही हजार. त्याच पेशीवर सीडी४५ (पांढऱ्या पेशींची ओळख असलेलं प्रथिन) कितीतरी पट जास्त असतो. त्यामुळे सीडी४५ला चालणारी ढिलाई इथे चालत नाही.

नेहमी लागणारे रिसेप्टर असे:

- सीडी११७, म्हणजे सी-किट. स्टेम सेल फॅक्टरचा रिसेप्टर. एएमएलमध्ये (अक्यूट मायलॉइड ल्युकेमियात) सर्वाधिक कामाचा.
- सीडी१३५, म्हणजे एफएलटी३. एएमएलमध्ये आणि बी-एएलएलमध्येही (बी पेशींच्या अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातही) दिसतो.
- सीडी१२३, इंटरल्यूकिन-३ च्या रिसेप्टरची अल्फा साखळी.
- सीडी११६ (जीएम-सीएसएफचा), सीडी११४ (जी-सीएसएफचा), सीडी११५ (एम-सीएसएफचा). हे बहुतेक संशोधनातच लागतात.
- सीडी१२७ (इंटरल्यूकिन-७ चा) आणि टीएसएलपीआर (टीएसएलपी या संदेशप्रथिनाचा). हे बी-एएलएलसाठी.

रंग वाटताना नियम एकच: सर्वांत अशक्त रिसेप्टरला सर्वांत तेजस्वी रंग. सीडी१३५ पीई या रंगावर ठेवा. सीडी११७ आणि सीडी१२३ला पीई, एपीसी किंवा ब्रिलियंट व्हायोलेट ४२१ यांतलं काहीतरी द्या. एफआयटीसी या हिरव्या रंगावर यांतलं काहीही ठेवू नका. मायलॉइड पेशींची स्वतःची चमक हिरव्या चॅनेलमध्येच जास्त असते आणि अशक्त सिग्नल तिच्यात बुडून जातो.

अँटिबॉडीची नवी बाटली उघडली की टायट्रेशन करा. सारख्याच पेशींच्या पाच ट्यूब घ्या आणि १०, ५, २.५, १.२५ आणि ०.६ मायक्रोलिटर टाका. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह गट जिथे एकमेकांपासून सर्वांत लांब दिसतात ती मात्रा तुमची. बाटलीवर छापलेली मात्रा हा फक्त सुरुवातीचा अंदाज.

*सावध:* पीई-सीवाय७सारखे जोडरंग उजेडात तुटतात, आणि तुटले की पीईमध्ये चमकतात. मग सीडी१३५ नसतानाही 'पॉझिटिव्ह' दिसतो. या बाटल्या फॉइलमध्ये गुंडाळून २ ते ८ अंशांत ठेवा आणि फ्रीझरमध्ये कधीही टाकू नका. रात्री वीज गेली असेल तर सकाळी आल्या आल्या फ्रीजचं तापमान बघून नोंदवहीत लिहा.

टप्पा १: मॅरो काढताना

पहिल्या ओढीतला मॅरो सर्वांत चांगला. सिरिंज भरभरून ओढली की मॅरोसोबत रक्त येतं, ब्लास्ट पातळ होतात आणि मास्ट पेशींसारख्या मोजक्या पेशी दिसेनाशा होतात. पुढे त्याच मास्ट पेशींवर आपली सगळी भिस्त असणार आहे.

वाटप असं करा:

१. पहिल्या थेंबांतून चार-पाच स्मिअर (काचपट्टीवरचे लेप). हवेत वाळवा, फिक्स करू नका.
२. फ्लोसाठी २ मिली, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये.
३. पीसीआरसाठी (जनुक तपासणीसाठी) वेगळी ईडीटीए ट्यूब. हेपॅरिन पीसीआर अडवतं.
४. कॅरियोटाइपसाठी (गुणसूत्रांच्या तपासणीसाठी) हिरव्या झाकणाची हेपॅरिन ट्यूब.

ट्यूब भरल्या भरल्या आठ-दहा वेळा अलगद उलटसुलट करा, गदागदा हलवू नका. गुठळी झाली की ब्लास्ट तिच्यात अडकतात, आणि मग उरलेल्या पेशी चाळून काही उपयोग होत नाही.

*तपासा:* चिठ्ठीवर काढण्याची तारीख आणि वेळ, मॅरो की रक्त, उपचार सुरू झालेत का, आणि जी-सीएसएफचं (पांढऱ्या पेशी वाढवणारं) इंजेक्शन दिलंय का, एवढं असलंच पाहिजे. शेवटची दोन बहुतेक चिठ्ठ्यांवर नसतात. जी-सीएसएफ चिकटलं की त्याचा रिसेप्टर पेशीच्या आत ओढला जातो आणि पृष्ठभागावर कमी दिसतो. केमोनंतर मॅरो रिकामा झाला की रक्तात एफएलटी३चं लिगंड (रिसेप्टरला चिकटणारं प्रथिन) वाढतं आणि सीडी१३५च्या बाबतीतही हेच होतं. हे ठाऊक नसेल तर आपण उपचाराच्या परिणामालाच रोगाचा गुण समजून बसतो.

टप्पा २: नाशिकहून नमुना पाठवताना

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे जरा थांबते.

फ्लोचा नमुना १८ ते २५ अंशांत राहायला हवा. ईडीटीएमधला नमुना २४ तासांत लागला तर उत्तम, ४८ तास ही शेवटची मर्यादा. कसारा घाट उतरून मुंबईला जायचं असो की सिन्नर-संगमनेरमार्गे पुण्याला, वेळ पुरतो. बिघडतं ते तापमान. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली ट्यूब तासाभरात वाया जाते. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडची पहाट इतकी गार असते की उघड्यावरच्या पिशवीतला नमुनाही गारठतो.

एका जानेवारीत जिल्ह्यातल्या एका रुग्णालयातून आलेला थर्माकोलचा डबा मी उघडला. आत जेलपॅक होता, फ्रीझरमधून काढून थेट ठेवलेला, आणि ट्यूब त्याला चिकटलेली. ती सोडवताना लेबलचा कोपरा पॅकवरच राहिला. ट्यूब उभी ठेवल्यावर वर पिवळसर थर यायला हवा होता. आला तो डाळिंबाच्या रसासारखा लाल. लाल पेशी फुटल्या होत्या, आणि व्हायेबिलिटी डायवर (मेलेल्या पेशी ओळखायच्या रंगावर) निम्म्याहून जास्त ब्लास्ट मेलेले निघाले. पेशंट सात वर्षांची मुलगी होती. तिच्या कमरेच्या हाडात पुन्हा सुई घालावी लागली, आणि तो फोन मला करावा लागला. तेव्हापासून प्रत्येक नव्या कलेक्शन सेंटरला मी पॅकिंग स्वतः करून दाखवते.

पॅकिंग असं करा: ट्यूबला टिश्यूचा जाड वेढा, मग झिपची पिशवी, मग थर्माकोलचा डबा. उन्हाळ्यात जेलपॅक ठेवायचाच असेल तर तो फ्रीझरमधला नको, फ्रीजमध्ये नुसता गार केलेला घ्या, आणि तो व ट्यूब यांच्यात पुठ्ठा किंवा घडी घातलेलं वर्तमानपत्र ठेवा. हिवाळ्यात जेलपॅक नकोच. डब्यावर 'बर्फ नको, फ्रीजमध्ये ठेवू नये' असं मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा, कारण मधल्या हातांना ते वाचता यायला हवं.

*सावध:* शनिवारी संध्याकाळी मॅरो काढून सोमवारी पोचवू नका. शनिवारीच काढावा लागणार असेल तर आधी लॅबला फोन करून रविवारी कोण आहे ते विचारा.

टप्पा ३: नमुना हाती आल्यावर, पिपेट उचलण्याआधी

ट्यूब उलटी करून गुठळी बघा. ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. स्मिअर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ब्लास्ट आहेत का, दिसतात कसे, हे डोळ्यांनी बघा. हे सोडून थेट स्टेनिंगकडे वळणाऱ्याला पुढे गेट काढताना आपण काय शोधतोय तेच कळत नाही.

आता पेशी मोजा, आणि त्या याच ट्यूबमधल्या मोजा. हिमोग्रामवरचा आकडा रक्ताचा असतो, मॅरोचा नसतो.

अँटिबॉडीची मात्रा साधारण १० लाख पेशींसाठी ठरवलेली असते. समजा काउंट मायक्रोलिटरला १,२०,००० आला. सवयीने १०० मायक्रोलिटर घेतलं तर ट्यूबमध्ये १ कोटी २० लाख पेशी गेल्या. अँटिबॉडी बारा वाट्यांत वाटली गेली आणि मुळातच अशक्त असलेला सीडी१३५ दिसेनासा झाला. म्हणून ५० मायक्रोलिटर नमुन्यात ५५० मायक्रोलिटर पीबीएस (सलाइनसारखा बफर) घाला. आता मायक्रोलिटरला १०,००० पेशी झाल्या, म्हणजे १०० मायक्रोलिटरमध्ये नेमक्या १० लाख.

उलट टोक तितकंच फसवं. काउंट १,५०० असेल तर १०० मायक्रोलिटरमध्ये जेमतेम दीड लाख पेशी. अशा वेळी सगळा नमुना आधी एकत्र लाइज करा, म्हणजे लाल पेशी फोडून टाका (एका भागाला दहा भाग अमोनियम क्लोराइड, १० मिनिटं), धुवा आणि थोड्या पीबीएसमध्ये एकवटून घ्या. २ मिलीमधून जास्तीत जास्त ३० लाख पेशी, म्हणजे तीन ट्यूब. त्या तीन कोणत्या ते आत्ताच ठरवा.

*तपासा:* ट्यूबमागे पेशींची संख्या वर्कशीटवर लिहिली का? नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ४: ब्लॉक, मग स्टेन

१. पेशी पीबीएसने एकदा धुवा. प्लाझ्मामधली इम्युनोग्लोब्युलिनं आणि मोकळी लिगंडं निघून जातात.

२. एफसी ब्लॉक टाका आणि १० मिनिटं थांबा. मोनोसाइट आणि मोनोब्लास्टवर अँटिबॉडीची शेपटी पकडणारे एफसी रिसेप्टर भरपूर असतात. ब्लॉक नसेल तर त्या पेशी ज्याला त्याला 'पॉझिटिव्ह' दिसतात. ब्लॉकनंतर धुवायचं नाही. बरेच जण इथे धुतात आणि ब्लॉक वाहून जातो.

३. अँटिबॉडीचं मिश्रण टाका. ब्रिलियंट गटातले दोन किंवा जास्त रंग असतील तर त्यांचा खास बफर आधी घाला, नाहीतर ते रंग एकमेकांना चिकटतात.

४. थेंब ट्यूबच्या तळाशी, पेशींमध्ये पडला पाहिजे. भिंतीवर राहिलेल्या थेंबातल्या पेशींना अँटिबॉडी लागतच नाही, आणि प्लॉटवर एक खोटा निगेटिव्ह गट उभा राहतो. नवीन मुलांच्या हातून होणारी सर्वांत नेहमीची चूक हीच. टाकून झालं की ट्यूब उजेडाकडे धरून भिंत बघा, मग हलकं व्हॉर्टेक्स करा.

५. अंधारात, खोलीच्या तापमानाला १५ ते २० मिनिटं.

व्हायेबिलिटी डाय कधी घालायचा हे तुम्ही पेशी फिक्स करणार का यावर ठरतं. फिक्स करणार असाल तर फिक्स होणारा डाय घ्या आणि तो फिक्सिंगच्या आधी घाला. नसाल तर ७-एएडी हा डाय शेवटी घाला. फिक्स केलेल्या पेशींवर ७-एएडी टाकलं तर सगळ्याच मेलेल्या दिसतील. ७-एएडी पीईच्या शेजारचा आहे हेही ध्यानात ठेवा. सीडी१३५ पीईवर असेल तर या दोघांचं कॉम्पेन्सेशन (एका रंगाची दुसऱ्याच्या चॅनेलमधली गळती वजा करणं) काळजीपूर्वक करा.

*पेशी-लाइनवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी:* टीएफ-१सारखी लाइन (लॅबमध्ये सतत वाढवलेल्या पेशी) जीएम-सीएसएफवर जगते. त्या माध्यमातून काढून थेट स्टेन केलं तर त्याचा रिसेप्टर आत गेलेला असतो. पेशी धुवा, जीएम-सीएसएफ नसलेल्या माध्यमात एक रात्र ठेवा, मग स्टेन करा. स्टेनिंग ४ अंशांवर ३० मिनिटं, ०.१ टक्के सोडियम अझाइड घातलेल्या बफरमध्ये, म्हणजे रिसेप्टर आत ओढला जाणार नाही. अझाइड विषारी आहे: हातमोजे घाला, सिंकमध्ये ओतू नका, आणि त्या पेशी परत कल्चरमध्ये टाकू नका. तरंगत्या ल्युकेमिया पेशींना ट्रिप्सिन लागत नाही. सवयीने घातलंत तर पृष्ठभागावरची प्रथिनंच कापली जातील.

टप्पा ५: लायसिस आणि धुणं

अमोनियम क्लोराइड खोलीच्या तापमानावर आणून वापरा. फ्रीजमधून काढून लगेच ओतलं की लाल पेशी अर्ध्याच फुटतात. वेळ १० मिनिटं, फार तर १५. द्रव गढूळचा पारदर्शक झाला की पुरे. ट्यूब तशीच ठेवून चहाला गेलात तर पांढऱ्या पेशीही मरायला लागतात.

सेंट्रिफ्यूज ३०० जी, ५ मिनिटं. हे 'जी' आहे, 'आरपीएम' नव्हे. रोटरची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये मोजा. त्रिज्या गुणिले आरपीएमचा वर्ग गुणिले ०.००००१११८ म्हणजे जी. त्रिज्या १० सेमी असेल तर ३०० जीसाठी सुमारे १६४० आरपीएम लागतात. १७ सेमी असेल तर सुमारे १२५६. दुसऱ्या लॅबचा आरपीएम उतरवून घेऊ नका. स्वतःच्या मशीनचा आकडा काढून झाकणावर चिकटवा.

वरचा द्रव एका झटक्यात ओता आणि ट्यूब उलटीच टिश्यूवर टेकवा. पुन्हा पुन्हा झटकू नका, पेलेट निघून जातं.

टप्पा ६: मशीन

रोजचे क्यूसी बीड (मशीन तपासायचे मणी), कॉम्पेन्सेशन, आणि मगच पेशंटची ट्यूब. कॉम्पेन्सेशनसाठी वापरलेला जोडरंग त्याच बाटलीतला हवा, कारण प्रत्येक लॉटची गळती वेगळी असते. निदानासाठी ब्लास्टच्या गेटमध्ये किमान काही हजार पेशी मिळेपर्यंत चालवत राहा. वेळेचा प्लॉट उघडा ठेवा. मध्येच हवा गेली तर तिथेच दिसते.

टप्पा ७: गेट, आणि निगेटिव्ह म्हणायचं कशाला

क्रम असा: वेळ, मग जोडपेशी (एकमेकींना चिकटलेल्या पेशी) वगळा, मग मेलेल्या पेशी वगळा, मग सीडी४५ विरुद्ध साइड स्कॅटर (पेशीतल्या दाण्यांमुळे बाजूला फेकला जाणारा प्रकाश). हा क्रम उलटला तर मेलेल्या पेशी ब्लास्टमध्ये मिसळतात. त्या प्रत्येक अँटिबॉडी धरून ठेवतात आणि सगळंच 'डिम पॉझिटिव्ह' दिसायला लागतं.

सीडी४५ डिम आणि साइड स्कॅटर कमी, ही ब्लास्टची पाठ केलेली जागा नेहमी पुरत नाही. प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाच्या पेशींत दाणे भरपूर, म्हणून त्या साइड स्कॅटरवर उजवीकडे सरकतात. मोनोब्लास्ट मोनोसाइटच्या जागेत जाऊन बसतात, आणि त्यांच्यावर सीडी११७ बऱ्याचदा नसतोच. तिथे सीडी१२३ बघा. म्हणून टप्पा ३ मधला स्मिअर समोर ठेवूनच गेट काढा.

पॉझिटिव्ह-निगेटिव्हची रेघ आयसोटाइप कंट्रोलवर (त्या रिसेप्टरला न चिकटणाऱ्या अँटिबॉडीच्या ट्यूबवर) ओढू नका. अशक्त रिसेप्टरसाठी एफएमओ ट्यूब लावा: पॅनेलमधले सगळे रंग, फक्त तो एक सोडून. आणि त्याच नमुन्यातले साक्षीदार विचारा:

- सीडी११७साठी मॅरोतल्या मास्ट पेशी. त्या लखलखीत पॉझिटिव्ह असतात. लिम्फोसाइट निगेटिव्ह.
- सीडी१२३साठी बेसोफिल आणि प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशी. रक्तातही सापडतात.
- सीडी१२७साठी टी-लिम्फोसाइट.
- सीडी१३५साठी रक्तात असा हाताशी येणारा साक्षीदार नाही. आरएस४;११सारखी पेशी-लाइन सोबत चालवा. पेशी-लाइनसाठी पुण्याच्या एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या) पेशी संग्रहात चौकशी करता येते.

मास्ट पेशी दिसतायत आणि चमकतायत, लिम्फोसाइट शांत आहेत, ब्लास्ट लिम्फोसाइटच्या रांगेत आहेत, एवढं जुळलं तरच सीडी११७ निगेटिव्ह. मास्ट पेशीच मंद असतील तर ती ट्यूब फसली आहे. ब्लास्टबद्दल काही लिहू नका, पुन्हा स्टेन करा.

टप्पा ८: रिपोर्टमध्ये काय लिहायचं, काय नाही

फक्त 'पॉझिटिव्ह' लिहून थांबू नका. किती टक्के ब्लास्टवर, आणि लिम्फोसाइटच्या तुलनेत किती तेज, दोन्ही लिहा. २० टक्क्यांची जुनी रेघ (तेवढ्या पेशींवर असेल तरच पॉझिटिव्ह म्हणायचं) इथे दिशाभूल करते. सगळा गटच जागचा थोडा उजवीकडे सरकला असेल तर टक्का कमी दिसतो, पण रिसेप्टर आहे.

सीडी१३५ पॉझिटिव्ह म्हणजे एफएलटी३ म्यूटेशन, असं कुठेही लिहू नका. उलटंही खरं नाही. आयटीडी म्यूटेशन (जनुकाचा एक तुकडा दुप्पट होणं) असलेलं प्रथिन बरंचसं पेशीच्या आतच अडकून राहतं, म्हणून पृष्ठभाग फिका दिसला तरी म्यूटेशन असू शकतं. एएमएलच्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या पेशंटमध्ये आयटीडी सापडतं आणि त्यावर मिडोस्टॉरिनसारखी औषधं आहेत. म्हणून रिपोर्टखाली 'एफएलटी३ पीसीआर स्वतंत्रपणे करावा' ही ओळ हवीच. टप्पा १ मधली वेगळी ईडीटीए ट्यूब यासाठीच होती. बी-एएलएलमध्ये टीएसएलपीआर ठळक दिसला तर सीआरएलएफ२साठी (टीएसएलपीआरच्या जनुकासाठी) फिश, म्हणजे जनुकाची फेरजुळणी दाखवणारी तपासणी, सुचवा.

*सावध, हे थांबत नाही:* सीडी११७ पॉझिटिव्ह, सीडी३४ आणि एचएलए-डीआर दोन्ही निगेटिव्ह, साइड स्कॅटर जास्त, असा नमुना दिसला तर रिपोर्ट टाइप होण्याची वाट बघू नका. प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात रक्तस्राव काही तासांत जिवावर बेततो. सही व्हायच्या आधी डॉक्टरांना फोन करा, स्मिअरचा फोटो पाठवा, पीएमएल-रारा (या ल्युकेमियाचं जोडजनुक) तपासणीला लावा आणि फोनची वेळ नोंदवहीत लिहा.

उरलेला नमुना रिपोर्टवर सही होईपर्यंत टाकू नका. झाकण लावून, त्याच दिवसाची चिठ्ठी चिकटवून, खोलीच्या तापमानाला ठेवा. पुन्हा स्टेन करायची वेळ आलीच, तर त्या पेशंटच्या हाडात दुसऱ्यांदा सुई घालावी लागू नये.